पळून आल्यावरची झोप

माझा आजार ऐकला की लोक आधी हसतात. दमून आल्यावर झोप येत नाही, हा काय आजार झाला? दिवसभर पोती उचलणारा माणूस नुसता भिंतीला टेकला तरी घोरायला लागतो. मलाही असंच वाटायचं. पण मागच्या वर्षी सहा महिने मी रोज दहा किलोमीटर पळत होतो आणि रोज पहाटे तीनपर्यंत छताकडे बघत पडत होतो. आता मी बरा आहे. नऊला जांभया येतात, दहाला झोपतो, पाचला उठतो. बरा झालो म्हणून लिहायला बसलो असं मात्र नाही. बरं व्हायचा उपाय मला फार आधीच सापडला होता आणि मी तो मुद्दाम बाजूला ठेवला होता. ते सांगायचंय, म्हणून लिहितोय.

नांदेडला माझं भांड्यांचं दुकान आहे. स्टील, पितळ, थोडं काशाचं. लग्नसराईत आहेराच्या भांड्यांवर नावं घालायचं कामही मीच करतो. हातात धरायची छोटी मशीन असते, तिची सुई थरथरते आणि अक्षर उमटतं. 'अमक्याकडून सप्रेम भेट.' वीस वर्षं झाली, देणाऱ्यांची नावं घालतोय.

आमचं मूळ गाव देवणीकडचं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. घरात मराठीच बोलतो, पण आईला अव्वा, थोरल्या बहिणीला अक्का आणि धाकट्या भावाला तम्मा म्हणायची पद्धत तिकडचीच. म्हणून एक्केचाळीस वर्षांचा होऊन, डोक्यावरचे निम्मे केस जाऊनही मी घरात तम्माच आहे. घरी अव्वा, बायको महानंदा आणि आठवीतली मुलगी गौरी. अक्का निलंग्याला दिलेली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी.

अक्काच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

मी हाय ना

आठवड्यातून दोनदा ती निलंग्याहून एसटीनं लातूरला यायची, चार तास डायलिसिसच्या मशीनला लावून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. दिवसाला अर्धा लिटर पाणी. त्यातच चहा, त्यातच ताक, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अर्धा लिटर पाण्यावर दिवस काढून बघा म्हणजे कळेल. ती बर्फाचा खडा तोंडात धरून स्वयंपाक करायची.

किडनी बदलायची ठरली तेव्हा आम्ही सगळे निलंग्याला तिच्या घरी बसलो होतो. दाजींना शुगर, त्यामुळे त्यांची चालणार नव्हती. मग कोपऱ्यातून अव्वा म्हणाली, "माझी घ्या की. मला आता काय करायचंय?"

मी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. "तू गप बस, अव्वा. ह्या वयात व्हय? मी हाय ना."

माझी जीभ अशी पुढे पळते. घरभर माणसं होती, दाजींचे भाऊ होते, शेजारची बाई चहा घेऊन उभी होती. सगळ्यांचे डोळे भरून आले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. महानंदानं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि कप गोळा करायला लागली. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "चांगलं केलात. पण आधी मला सांगितलं असतं तर मी नको म्हणाले असते व्हय?"

लातूरच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. चौऱ्याण्णव किलो. ब्लडप्रेशर काठावर. ते म्हणाले, "दहा-बारा किलो उतरवा, मग तपासण्या करू." अक्का मशीनला लावलेली होती. तिथूनच हसून म्हणाली, "तम्मा, मला पाणी प्यायला मिळालं ना, की तुझ्या दुकानातला मोठ्ठा तांब्या दे. त्याच्यावर तुझं नाव घाल. एका दमात पिऊन दाखवते."

मी नांदेडला आल्या आल्या तांब्या काढला. जाड पितळेचा. त्यावर नाव घातलं, 'अक्कास तम्माकडून', आणि पुढच्या खेपेला नेऊन दिला. काम व्हायच्या आधीच देणाऱ्याचं नाव घालून मोकळा झालो. तिनं तो देवळीत ठेवला, रिकामा.

साडेनऊची फेरी

दुकान नऊला बंद होतं. शटर ओढलं की मी घरी येऊन बूट घालायचो आणि साडेनऊला मैदानावर. आधी चालणं, मग थोडं पळणं, महिन्याभरात सलग पळणं. तिथे भरतीची तयारी करणारी पोरं असायची. त्यांच्या मागे जिद्दीनं धावायचो. शेवटी जोर आणि बैठका. अकराला घरी यायचो तेव्हा बनियन पिळलं तर पाणी निघायचं. थंड पाण्यानं आंघोळ, दोन भाकरी, आणि अंथरुणावर.

आणि मग काही नाही. डोळे टक्क उघडे. विझवलेल्या चुलीसारखं अंग आतून तापलेलं. कान उशीला लागला की छातीतले ठोके कानात. पायाच्या पिंढऱ्या आपोआप उडायच्या. मन तर असं ताजं, की आता दुकान उघड म्हटलं तर उघडलं असतं. तीनच्या पुढे कधीतरी डोळा लागायचा आणि साडेसहाला गौरीच्या शाळेचा डबा वाजायचा.

महिन्याभरात माझा अवतार झाला. डोळ्यांत वाळू, तोंडाला चव नाही. गिऱ्हाईक दोनदा बोललं तरी ऐकू जायचं नाही. उमरीच्या एका लग्नाची एकवीस ताटं होती. त्यावर मी नवऱ्या मुलाच्या ऐवजी त्याच्या थोरल्या भावाचं नाव घातलं. तो भाऊ आधीच दोन पोरांचा बाप. वरबाप ताटं घेऊन परत आला आणि दुकानात उभा राहून म्हणाला, "सावकार, ह्याचं दुसरं लग्न लावायलाव व्हय?" सगळे हसले, मीही हसलो, आणि एकवीस ताटं बदलून दिली.

झोपेवर जो तो औषध सांगायचा. दुधात खसखस घालून झाली. जायफळ उगाळून झालं. अव्वा तर रोज माझ्या तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीनं घासायची. गुडघे धरत खाली बसायची, त्रेसष्ट वर्षांची बाई, आणि पाय काळे होईपर्यंत वाटी फिरवायची. मी म्हणायचो, "राहू दे की अव्वा." ती म्हणायची, "अक्कासाठी मरमर पळायलास, मी येवढं बी करू नये व्हय?"

ही गोष्ट मला आवडायला लागली होती. खोटं कशाला बोलू? माझे खोल गेलेले डोळे बघून गल्लीतली माणसं म्हणायची, बहिणीसाठी केवढा झिजायलाय बघा. वजन उतरत होतं, चेहरा ओढला जात होता, आणि मी न झोपता मोठा होत होतो.

बैल आणि दावण

वजन चौऱ्याऐंशीला आलं, पण प्रेशर उतरायच्या ऐवजी चढलं. मग महानंदानं मला हाताला धरून आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या डॉक्टर बाईंकडे नेलं. माझ्या मनात मोठमोठ्या आजारांची नावं येत होती.

बाईंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "पळता किती वाजता?"

"साडेनऊला."

"सकाळी?"

"न्हाई. रात्री."

त्या पेन खाली ठेवून हसल्या. "तुमच्या घरी कधी बैल होते का? औत सोडून आणलेला बैल दावणीला बांधला की लगेच बसतो का? आधी उभा राहतो, धापा टाकतो, अंग गार होऊ देतो. तुम्ही त्याला आणल्या आणल्या झोप म्हणताय. अंग तापलेलं, काळीज धडधडतंय, झोप येणार कुठून? आणि झोप नाही म्हणून प्रेशर. तुम्हाला आजार नाही, तुमची वेळ चुकलीये. सकाळी पळा. रात्री जेवण झाल्यावर नुसती शतपावली करा. आठ दिवसांनी या."

एवढंच निदान. बाहेर आल्यावर महानंदाचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता. तिनं रस्त्यावर थांबून मला उसाचा रस पाजला.

चार सकाळी

मी चार दिवस सकाळी पळालो. पहिले दोन दिवस अंग उठेना. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला झोप लागली. चौथ्या दिवशी दहाला आडवा झालो तो थेट पाचला अव्वाच्या पूजेच्या घंटेनं जागा झालो. मध्ये काहीच नाही, कूससुद्धा बदलली नव्हती. त्या दिवशी दुकानाशेजारच्या औषधवाल्याकडे प्रेशर बघितलं. एकदम बरोबर.

आणि मला घाम फुटला.

हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. प्रेशर बरोबर आलं, वजन उतरलं होतं, आता माझ्या आणि त्या ऑपरेशनच्या टेबलाच्या मध्ये काहीच राहिलं नव्हतं. तोपर्यंत कमी करायला वजन होतं, प्रेशर होतं, झोप नव्हती. त्या सगळ्याच्या आड मी निवांत होतो. ते गेलं आणि मला दिसलं की मला कापून घ्यायचं नाही. भीती वाटत होती. अक्कावर माया नव्हती असं नाही. पण भीती मोठी होती, आणि ती सांगायची जीभ मी निलंग्यात सगळ्यांसमोर गमावून बसलो होतो.

पाचव्या दिवसापासून मी पुन्हा रात्री साडेनऊला बूट घातले. महानंदाला म्हणालो, "सकाळी दुकानाचा माल उतरतोय, जमत न्हाई."

काल पळालात का?

तपासणीला लातूरला जायचं होतं. हॉस्पिटलानं कागद दिला होता. दोन दिवस आधी जड व्यायाम करायचा नाही, पुरती झोप घ्यायची. मी तो कागद घडी करून गल्ल्याखाली ठेवला आणि आदल्या रात्री मैदानावर गेलो. त्या रात्रीएवढं मी कधी पळालो नसेन. भरतीची पोरं थकून घरी गेली तरी मी पळत होतो. डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे पाचची एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, खिडकीला डोकं आपटत होतं, पण झोप नाही.

तपासणाऱ्या डॉक्टर म्हणजे अगदी लहान वयाची मुलगी. फार नीट बोलायच्या. लघवी दिली, रक्त दिलं. प्रेशर बघून त्यांनी पट्टा सोडला, पाच मिनिटं बसवून पुन्हा लावला.

"काल-परवा काही जड व्यायाम केलात का? पळणं वगैरे?"

"न्हाई."

"झोप झाली?"

"झाली की. चांगली झाली."

माझा आवाज जराही हलला नाही. प्रेशर चढलेलं, लघवीत प्रोटीन. त्या म्हणाल्या, "जोरात पळालं की कधीकधी लघवीत असं येतं. पण तुम्ही पळाला नाहीत म्हणता. विश्रांती घ्या, आपण परत बघू." त्यांनी मला दार उघडं ठेवलं होतं. मी मान हलवली आणि बाहेर आलो.

अक्का बाहेर बाकावर बसली होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. तू लई पळालास, तम्मा. तुझी तब्येत आधी."

भावाचा उपास

आमच्याकडे नागपंचमी म्हणजे भावा-बहिणीचा सण. भाऊ बहिणीला माहेरी आणायला जातो, आणि पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपास धरतात. अक्का परकर नेसायची तेव्हापासून माझा उपास धरत आली. लहानपणी मी तिच्यासमोर मुद्दाम गूळ-शेंगा खाऊन तिला चिडवायचो.

मागच्या वर्षी मशीनमुळे तिला माहेरी येता येणार नव्हतं, म्हणून मीच चतुर्थीला निघालो. पहिली तपासणी होऊन बारा दिवस झाले होते. रात्री लातूरच्या स्टँडवर उतरलो आणि दाजींचा फोन आला. "भाऊ, निलंग्याला येऊ नका. आम्ही लातुरातच हाव. हिला ॲडमिट केलंय."

किडनीच्या रोग्याला रताळं, शेंगदाणे, केळं काही चालत नाही. त्यातल्या पोटॅशियमनं काळीज थांबू शकतं. हे तिला पाठ होतं, भिंतीवर कागद चिकटवला होता. पण उपासाला भाकरी कशी खायची? म्हणून दुपारी दोन रताळी आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले होते. संध्याकाळी पाय लुळे पडले, छातीचे ठोके चुकायला लागले. ताबडतोब मशीनला लावलं म्हणून वाचली.

मी पोचलो तेव्हा नर्स तिला रागावत होती. अक्का ओठ चाटत गुन्हेगारासारखी पडली होती. मी विचारलं, "अक्का, हे काय केलीस? अक्कल हाय का न्हाई?"

ती म्हणाली, "वर्षाचा उपास हाय, सोडू कसं? औंदा तर तुझं बीपी उतरू दे म्हणून धरला हुता."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. तोंड धुतलं. बाहेर येऊन तिला म्हणालो, "उतरतंय बघ आता."

वाचणाऱ्याला वाटेल, इथे हा माणूस सुधारला असेल. दुसरी तपासणी पंचमीनंतर आठ दिवसांनी होती. तिच्या आदल्या दोन्ही रात्री मी पळालो. त्याच डॉक्टर मुलीनं तेच विचारलं. मी तेच सांगितलं. त्यांनी कागदावर लिहिलं की ह्यांची किडनी घेणं ह्यांच्याच जिवाला धोक्याचं आहे.

पहिल्या वेळचं मी भीतीच्या नावावर ढकलू शकतो. दुसऱ्या वेळचं ढकलायला मला आजपर्यंत जागा सापडलेली नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला हलकं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

मुठीतलं

अव्वाच्या सगळ्या तपासण्या पहिल्या फेरीत पास झाल्या. दसऱ्यानंतर सोलापूरला ऑपरेशन झालं.

आम्ही लिंगायत. अव्वाच्या गळ्यात पांढऱ्या कापडात बांधलेलं इष्टलिंग असतं. तिला दीक्षा दिली तेव्हापासून ते अंगावरून उतरलेलं नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. ऑपरेशनला नेताना नर्स म्हणाली, आजी, गळ्यात काही ठेवता येणार नाही. मग तिनं स्वतःच दोरा डोक्यावरून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"मुठीत धर. खाली ठेवू नको. खिशात तर मुळीच घालू नको."

साडेचार तास मी मूठ मिटून उभा होतो. दाजींनी चहा आणला, घेतला नाही. महानंदा बस म्हणाली, बसलो नाही. मूठ उघडून हात बदलावा असंही वाटलं नाही. डॉक्टर बाहेर येऊन दोघी ठीक आहेत म्हणाले तेव्हा बोटं सरळ होईनात, महानंदानं एकेक करून सोडवली.

अक्का चार दिवसांत गुलाबी दिसायला लागली. अव्वा मात्र सावकाश सावरली. खोकला आला की टाक्यांवर दोन्ही हात दाबून धरायची आणि कळ गेली की माझ्याकडे बघून हसायची. आजही जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबते. पूर्वी थांबायची नाही.

घरी आल्यावर मी रात्रीचं पळणं सोडलं. आता गरजच नव्हती. सकाळी पाचला अर्धा तास भरभर चालतो, बस. झोप आठ दिवसांत परत आली, कुठे गेलीच नव्हती अशी. उन्हाळ्यात डॉक्टर बाईंनी सगळं पुन्हा तपासलं आणि आनंदानं म्हणाल्या, "प्रेशर उत्तम, लघवीत काही नाही, ठणठणीत आहात!" त्या कागदावर मी किडनी देऊ शकलो असतो असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मला तेवढंच वाचता येत होतं.

ह्या वर्षीची पंचमी

औंदा मी अक्काला निलंग्याहून माहेरी घेऊन आलो. तिनं सोबत तो पितळी तांब्या आणला होता. ऑपरेशननंतर ती त्यातूनच पाणी पिते. गाडीत शेजारच्या बाईला तिनं तो दाखवलासुद्धा. "माझ्या भावानं दिलाय. लई पळाला हो माझ्यासाठी." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. महानंदा गौरीला घेऊन बांगड्या भरायला गेली होती. अव्वा पंचमीच्या पुरणाच्या दिंडांसाठी डाळ निवडत होती. अक्का म्हणाली, "उद्या माझी भाकरी टाकू नको, अव्वा. भावाचा उपास हाय. डॉक्टरनी न्हाई म्हटलंय, पण दूध घेऊन धरते."

मी म्हणालो, "अक्का, धरू नको."

"का रे?"

सांगितलं. डॉक्टर बाईंचा बैल, चार सकाळी, दोन्ही तपासण्या, 'न्हाई' आणि 'चांगली झाली'. एकदा तोंड उघडल्यावर मध्ये थांबता येईना. अक्काचा चेहरा मला बघवत नव्हता, म्हणून मी अव्वाच्या सुपाकडे बघून बोलत होतो. तिचे हात थांबले नाहीत. मी संपवल्यावर तिनं एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "मला ठावं हाय."

अक्का आणि मी दोघंही तिच्याकडे बघायला लागलो.

"पहाटे पाचच्या गाडीनं गेलास. तुझं बनियन न्हाणीत पडलं हुतं, घामानं चिंब. मीच धुतले ना? दुसऱ्या बारीला बी तसंच. तपासणीच्या आदल्या रातीला नेमकं कुणी पळतंय का?"

"मग बोलली का न्हाईस?" अक्काचा आवाज चिरकला.

"काय बोलू? लेकराला भ्या वाटलं म्हणून गावभर सांगू व्हय? मी आधीच द्यायला तयार हुते. ह्यानंच मला गप बसवलं."

अक्का उठली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी चुलीजवळ बसून राहिलो. अव्वानं डाळ निवडून झाल्यावर माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मला तो हात सहन झाला नाही.

सकाळी नऊला मी दुकानाला निघत होतो. अक्का आंघोळ करून बाहेर आली. डोळे सुजले होते. पाट ओढून बसली आणि अव्वाला म्हणाली, "भाकरी वाढ."

अव्वा तिच्याकडे बघत राहिली. आज चतुर्थी होती.

"वाढ म्हणते ना."

अव्वानं भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी वाढली. अक्का जेवली. घाई न करता, एकेक घास चावून, माझ्यासमोर. परकर नेसायची तेव्हापासून न मोडलेला उपास. मी दारात चप्पल घालून उभा होतो. आत यावं की जावं कळत नव्हतं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, कारण माझ्या नावानं आता कुणाचं पोट रिकामं नव्हतं.

जेवण झाल्यावर तिनं तांब्या उचलला. वर तोंड करून पूर्ण प्यायली, एका दमात, बोलली होती तसं. पदरानं तांब्या पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्याच्यावरचं नाव काढता येतंय का?"

"येतंय. घासून पॉलिश मारलं की जातं," मी म्हणालो. "पण खूण ऱ्हाते."

"ऱ्हाऊ दे खूण. त्याच्यावरच अव्वाचं नाव घाल."

मी दुकान उघडलं. माझं नाव घासलं, तरी उजेडात तिरका धरला की दिसत होतं. त्यावर मशीन टेकवली. वीस वर्षं भांड्यांवर नावं घालतोय, पण अव्वाचं नाव आजवर एकाही भांड्यावर घातलं नव्हतं. शांतव्वा. तीन अक्षरं घालायला मला अर्धा तास लागला.